रिकाम्या गावांचं फोल्डर

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा चालू शेडपेक्षा बंद शेड जास्त होती. आमचं शेड चालू होतं, पण बाहेरून बघणाऱ्याला ते पटलं नसतं. आधी तिथे सरकीचं तेल काढायचे. तो धंदा बसला, मशिनी गेल्या, वास मात्र भिंतीत राहिला. उन्हाळ्यात पत्रा तापला की आमच्या कपड्यांना ढेपेचा वास यायचा. घरी गेले की अम्मी दारातच विचारायची, "कंप्यूटर का काम करती है या भैंसों का?"

काम नकाशांचं होतं. त्या वर्षांत वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर यवतमाळचं नाव दिसलं की बातमी वाचायची गरज नसायची. कापसाचा भाव आणि शेतकऱ्याचं मरण एकाच पानावर यायचं. आमच्याकडे दुःख झालं की आधी सर्वेक्षण निघतं, मग समिती, आणि समितीला नकाशे लागतात. जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाचा नकाशा संगणकावर चढवायचं काम पुण्याच्या एका मोठ्या कंत्राटदाराला मिळालं, त्यातला एक तुकडा नागपूरच्या छोट्या कंत्राटदाराला, आणि त्यातला चुरा आमच्या सरांना. त्या चुऱ्यावर आम्ही चार-पाच माणसं जगत होतो.

माझ्याकडे फायली लावायचं काम होतं. प्रत्येक गावाच्या तीन फायली असत, नाव एकच, शेपूट वेगवेगळं. एकीत गावाची शीव, दुसरीत त्या शिवेचा पत्ता, तिसरीत माहितीचा तक्ता. तिन्ही एका फोल्डरात असल्या तरच नकाशा उघडायचा. फायली मात्र यायच्या ढिगानं, सगळे तालुके एकमेकांत मिसळून, एकाच गावाचं नाव रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिलेलं. हातानं उचलून लावायच्या म्हटलं असतं तर आमच्या नातवंडांनाही तेच काम पुरलं असतं. म्हणून पुण्याहून एक छोटा प्रोग्राम आला होता. त्याला ना बटण, ना चित्र. काळी खिडकी उघडायची, एक ओळ टाईप करायची, एंटर दाबायचं. मग पांढरी अक्षरं सरासर वर सरकायची आणि फायली आपापल्या तालुक्याच्या फोल्डरात जाऊन बसायच्या. अब्बांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. त्यांना मी हे एकदा सांगितलं तर म्हणाले, "बिना आवाज की मशीन पे भरोसा मत कर." मी हसले होते.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक कोलाम पोरगी बसायची. कळंबच्या पुढे जंगलाच्या कडेला तिचं पोड होतं, म्हणजे कोलामांची वस्ती. आश्रमशाळा, मग यवतमाळचं वसतिगृह, मग संगणकाचा कोर्स, असं करत ती आमच्यापर्यंत आली होती. पोडातून इतकं शिकलेली ती पहिलीच. भावाशी फोनवर कोलामीत बोलायची, माझ्याशी वऱ्हाडीत, आणि सरांशी शाळेतल्या पुस्तकासारखं. डब्यात बहुतेक वेळा भाकर आणि तिखट. माझ्या डब्यातलं खिमा-पाव खाताना पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, "ताई, तुमी रोजच असं खाता?" मी खोटंच हो म्हटलं.

तिसरे एक काकाजी होते. निवृत्त पटवारी, वय झालेलं, घराणंच कचेरीत नोकऱ्या करणारं. गावांची नावं तपासायला सरांनी त्यांना ठेवलं होतं. पगारापेक्षा त्यांना घरातून बाहेर पडायला मिळाल्याचा आनंद जास्त होता, हे ते स्वतःच सांगायचे.

त्या उन्हाळ्यात फिरत्या दवाखान्याचं काम आलं. एक गाडी, तिच्यात डॉक्टर, नर्स आणि औषधं. ती कुठल्या गावाला कधी जाईल याचा रस्ता संगणक आखणार, आणि त्यासाठी माणसं राहतात ती गावं वेगळी आणि रिकामी गावं वेगळी लावून हवी होती. आमच्या भागात रिकामी गावं पुष्कळ. कधीकाळी प्लेगात, पटकीत उठलेली. माणसं गेली, शेतं आणि शीव राहिली. अशा गावाला रिठ म्हणतात आणि कागदावर नावाच्या शेवटी तो शब्द लागतो. पुण्याहून आलेल्या कमांडमध्ये शेवटी एक नवी ओळ होती: ज्या नावात 'रिठ' सापडेल ते उचल आणि 'रिकामे' नावाच्या फोल्डरात टाक.

बिनआवाजाच्या मशिनीनं सांगितलं तेच केलं. एका चांगल्या नांदत्या गावाच्या नावात 'रिठ'ची चारही रोमन अक्षरं मध्येच कुठेतरी लागून येत होती, तर तेही उचलून रिकाम्यात टाकलं. त्या गावाला दर आठवड्याला बाजार भरतो, पोलीस चौकी आहे, दोन शाळा आहेत. काकाजी पोट धरून हसले. "गेलं! अख्खं गाव बाजारासकट गेलं!" सर मात्र घाबरले आणि म्हणाले, रिकामे फोल्डर डोळ्यांनी वाचून काढा, असं अजून काही गेलंय का बघा.

वाचायला शेजारची कोलाम पोरगी बसली. बराच वेळ एक एक नाव खाली उतरत होतं. मग तिचं बोट पडद्यावर थांबलं.

"ताई, हे आमचं गाव होय."

मी पाहिलं. नावाच्या शेवटी रिठ होतंच. काकाजी खुर्ची सरकवून आले, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "हे बरोबर आहे. बेचिराग मौजा आहे हा. माझ्या नोकरीच्या आधीपासून बेचिराग."

हा शब्द मी ओळखत होते, पण असा नाही. आमच्या घरात तो शिवीसारखा आहे. ज्या घरात मूल नाही, ज्याचं नाव सांगणारं मागे कोणी उरलं नाही, ते घर बेचिराग. बायका भांडताना एकमेकींना म्हणतात आणि मग आठवडाभर बोलत नाहीत. कचेरीच्या कागदात तो साधा रकाना होता. दिवा नसलेलं गाव.

"काकाजी, म्या काय भूत हाय?" तिनं विचारलं.

काकाजी ओशाळले, पण मागे हटले नाहीत. म्हणाले, "तसं नाही बाई. तुमचं पोड मागून वसलं. त्या रिठात, नाल्याच्या कडेनं. तुमचं रेशनकार्ड कोणत्या गावचं आहे?"

तिनं शेजारच्या गावाचं नाव सांगितलं. नाल्यापलीकडचं, मधे जंगल.

"मग झालं. तुमची गणना तिथं आहे. दवाखाना तिथं येईल."

"थ्या गावाले जाचं म्हंजे अर्धा दिस लागते. पावसाळ्यात नाला उतरू देत नाही."

"ते खरं आहे," काकाजी म्हणाले. "पण कागदावर तुम्ही तिथंच राहता."

तिचा आवाज चढला नव्हता. मग तिनं मला जे सांगितलं ते ऐकून त्या दिवशी माझा डबा तसाच राहिला. आधीच्या वर्षी फवारणीच्या दिवसांत पोडातला एक माणूस शेतातच पडला होता. मजुरीनं दुसऱ्यांच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या पिकावर, फवारायला जायचे सगळे, पाठीवर पंप, पायात काही नाही, तोंडाला फडकं. पऱ्हाटी डोक्याएवढी झाली की औषध वरून अंगावरच पडतं. त्याला बाजेवर घालून फाट्यापर्यंत नेलं, म्हणजे डांबरी सडकेपर्यंत, आणि तिथे गाडीची वाट बघता बघता तो गेला. तिचे वडील पोडाचे नाईक होते, म्हणजे प्रमुख, पण प्रमुख असल्यानं पोट भरत नाही. तेही पंप घेऊन जायचे. त्यांचे डोळे संध्याकाळी लाल होऊन यायचे आणि रात्रभर खोकला.

"फवारणी चालू व्हायच्या आंधी गाडी पाह्यजे ताई. मागून येऊन काय करन?"

मी सरांकडे गेले. सर माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. म्हणाले, "आपण डाटा बदलत नाही. आपण लावतो फक्त." मी म्हटलं, सर, तुमच्या समोर खुर्चीवर बसलेली मुलगी ज्या गावात जन्मली ते गाव रिकामं कसं? ते म्हणाले, "मला समजतंय. पुण्याला विचार."

पुण्याला फोन लावला. तिकडचा पोरगा फार सभ्य. "मॅडम, रिकाम्या गावात वस्ती असू शकत नाही. सिस्टीम एरर देते." मी त्याला तेव्हा जे बोलले ते अम्मीनं ऐकलं असतं तर माझ्या तोंडात मिरची भरली असती. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, तिसऱ्या दिवशी पुन्हा. दगडावर डोकं आपटत राहायची मला सवय आहे; कधी कधी दगडच कंटाळतो. शेवटी तो म्हणाला, तांडे, वाड्या, पोडं यांच्यासाठी 'वस्त्या' नावाचं वेगळं फोल्डर आहे. तुम्ही फाईल बनवा, मी तपासणीची ओळ तेवढ्या एका मौज्यापुरती सैल करतो.

फाईल तिनंच बनवली. जुन्या नकाशावर नाल्याचा वाक शोधला आणि तिथे एक टिंब ठेवलं. तक्त्यात नावाचा रकाना भरल्याशिवाय प्रोग्राम पुढे सरकत नव्हता. तिनं जराही न थांबता वडिलांचं नाव टाईप केलं आणि पुढे पोड.

"पोडाले नाईकाचंच नाव राह्यते," ती म्हणाली.

एंटर दाबलं, पांढरी अक्षरं वर सरकली, तिन्ही फायली वस्त्यांच्या फोल्डरात जाऊन बसल्या. एरर आली नाही. त्या दिवशी तिनं माझ्याकडून चहा घेतला नाही, मलाच पाजला. काकाजींनाही. काकाजी म्हणाले, "पस्तीस वर्षं कलम घासली, पण गाव वसवलेलं आज पाह्यलं." तिला इतकं हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं, आणि मलाही वाटलं की या काळ्या खिडकीतून कधीतरी बरंही काही निघतं.

मग पाऊस सुरू झाला आणि पुण्याहून काहीच येईना. रस्ता आखला जातोय, मंजुरीला गेलाय, सही व्हायचीय. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. ती दर सोमवारी कामावर आली की आधी माझ्याकडे बघायची, मी मान हलवायची, मग ती बसायची. पऱ्हाटी वाढत होती. लोहाऱ्याहून घरी जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ती दिसायची आणि हिरवं बघून जीव सुखावायच्या ऐवजी मी फवारणीला किती दिवस उरले ते मोजायचे.

पोळ्याला ती घरी गेली आणि सुट्टी संपली तरी आली नाही. तिच्या भावाचा फोन कोणी उचलत नव्हतं. आली तेव्हा तिनं पर्स खुंटीला लावली, संगणक सुरू केला आणि पडद्याकडे बघत सांगितलं, "बाबा गेले."

सलग तीन दिवस फवारलं होतं. पाऊस उघडला होता, मालकाला घाई होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना दिसेनासं झालं. तोंडाला फेस. नाला भरलेला, म्हणून आडरस्त्यानं फाट्यावर आणलं. दूध वाहून नेणारी एक गाडी थांबली, पण कळंबपर्यंतसुद्धा पोचले नाहीत. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं आणि फायली उघडून कामाला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर म्हणाली, "नोका ताई. नाही तं म्या रडन." मी हात काढला. घरी जाऊन मीच रडले, आणि त्या रडण्यात निम्मा संताप होता.

गाडी त्यानंतर थोड्याच दिवसांनी सुरू झाली. वरातीमागून घोडं. तरी आम्ही म्हटलं, पोडात अजून माणसं आहेत, पऱ्हाटी अजून उभी आहे, येऊ दे. पण पहिल्या फेरीचा अहवाल पुण्याहून आमच्याकडे आला तेव्हा त्यासोबत एक नवं फोल्डर होतं, 'आढळले नाही'. काळ्या खिडकीत मी त्याची यादी काढली तर त्यात तिच्या तीन फायली होत्या.

मला वाटलं टिंब चुकलं. तिनं भावाला फोन करून विचारलं; टिंब चुकलं नव्हतं. गाडी बरोबर त्या फाट्यावर आली होती. ड्रायव्हरनं कागद बघून तिथे मोळ्या घेऊन बसलेल्या बायकांना नाव वाचून दाखवलं, या नावाचं पोड कुठे? बायका पोडातल्याच होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि सांगितलं, असं पोड नाही.

"काहून म्हणल्या असं?" मी जवळजवळ ओरडलेच. "समोर गाडी उभी, डॉक्टर उभा!"

ती म्हणाली, "खरंच सांगतलं त्यायनं. नाईक गेला की त्याच्या नावाचं पोड राह्यत नाही. आन् दिवस व्हायचे होते, तवरोक मेलेल्याचं नाव कोणी तोंडी घेत नाही. आता दादा नाईक झाला. पोड आता दादाच्या नावाचं हाय."

 बायकांचं चुकलं नव्हतं, ड्रायव्हरचं नव्हतं, काकाजींचा रकाना बरोबर होता, मशीन तर कधी चुकतच नाही. मला कुणाचा तरी गळा धरायचा होता आणि धरायला गळा सापडत नव्हता.

"मग बदल नाव," मी म्हटलं. "दादाचं टाक."

तिनं खिडकी उघडली, नाव बदलायची कमांड टाईप केली, आणि जिथे नवं नाव यायचं तिथे थांबली.

"दादाचं नाही टाकत."

"कायले?"

"थो बी फवारणीले जाते न ताई. बाबाचं नाव टाकलं तं बाबा गेले. मले भेव लागते." मग म्हणाली, "आन् भेव सोडा. त्याचं नाव तरी कितीक दिस टिकन? पुन्हा गाडी येईन, पुन्हा म्हणतीन असं पोड नाही."

काकाजी मागून बघत होते. अंधश्रद्धा वगैरे ते म्हणतील असं मला वाटलं, आणि म्हणाले असते तर मी त्यांना सोडलं नसतं. पण ते म्हणाले, "मग नंबर टाकून पाहू." नंबर टाकला, प्रोग्रामनं परत फेकला. नुसतं पोड टाकलं, तेही परत. त्या नावाच्या वस्त्या जिल्हाभर. रकाना तसाच मोकळा, आणि पांढरी रेघ लुकलुकत होती.

तिनं स्वतःचं नाव टाईप केलं.

"बाईच्या नावानं पोड?" काकाजी म्हणाले. "तिथं या नावानं कोण ओळखणार?"

"मी ओळखन न," ती म्हणाली आणि एंटर दाबलं.

महिनाअखेरीस तिनं काम सोडलं. सर म्हणाले होते की गाडीच्या दिवशी सुट्टी घेत जा. पण गाडीला दिवस नव्हता. कागदावर मंगळवार होता, येताना कधी गुरुवारी यायची, कधी दोन आठवडे यायचीच नाही. मी तिला वेड्यात काढलं. म्हटलं, इतकं शिकलीस, पोडातली पहिली, आणि आता फाट्यावर जाऊन बसणार?  तिनं माऊस पुसून ठेवला, खुर्ची आत सारली, आणि काकाजींच्या पाया पडून गेली.

दिवाळी झाल्यावर मी कळंबच्या बसनं पुढे फाट्यावर उतरले. सोबत अम्मीनं दिलेला खिमा होता आणि सरांनी दिलेला निरोप, की जागा अजून भरलेली नाही, परत ये. वेचणी चालू होती. बाभळीच्या सावलीत ती बसली होती, सोबत चार-सहा माणसं. एक म्हातारी डोळ्याला ओलं फडकं लावून, एक माणूस खोकत. आदल्या आठवड्यात गाडी आली नव्हती. त्या आधी आली होती, तेव्हा ड्रायव्हर नवा होता. त्यानं फाट्यावर थांबून तिचं नाव घेऊन पोड विचारलं आणि ती उठून पुढे बसून त्याला आत घेऊन गेली होती. डॉक्टरांनी बावीस-पंचवीस माणसं तपासली म्हणाली. दादालाही.

मी डबा दिला, निरोप दिला. तिनं डबा उघडून आधी म्हातारीला दिला. मी पुन्हा विचारलं, परत कधी येतेस?

"आता कशी येऊ ताई," ती सडकेकडे बघत म्हणाली. "गाडीवाला माह्या नावानं गाव इचारते. मी इथं नसली तं गाव नाही."